तीन पंचमांश गाढवीण

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी एकदम शहाणे झाले, त्या वेळची ही गोष्ट आहे. जंगल आपल्याकडचं नाही, पार समुद्रापलीकडचं आहे. तेव्हा गोष्ट ऐकताना उगाच एकमेकांना कोपरं मारू नका आणि कुणाचं नाव घेऊ नका. मुकाट्यानं ऐकायचं.

या जंगलात करडी नावाची एक गाढवीण होती. ती उदारराव नावाच्या कोल्ह्याची होती. उदारराव म्हणजे मोठा विद्वान कोल्हा. त्याच्या गुहेत पुस्तकं होती, खिडकीत दुर्बीण होती आणि परसात गाढवांचा कळप होता. दुर्बिणीतून तो रोज आकाश बघायचा. गाढवांकडे बघायला त्यानं मुकादम ठेवला होता.

करडीला आधी दोन शिंगरं झाली होती. शिंगरू म्हणजे गाढवाचं पोर, हे तुम्हाला माहीत असायला हवं. पाठीवर खोगीर बसण्याइतकी मोठी झाल्यावर दोन्ही गेली. एकाला उदाररावानं मेहुण्याकडे पाठवलं. दुसरं मेहुण्याच्या मेहुण्याकडे गेलं. करडी चार दिवस चाऱ्याला तोंड लावेना, तेव्हा मुकादम म्हणाला की गाढवं विसरतात, होईल ठीक. करडी काही विसरली नाही. आता ती पुन्हा गाभण होती, आणि या वेळचं पोर तरी आपल्याजवळ राहावं एवढंच तिचं मागणं होतं. राज्य नको, मानपान नको, हे एक पोर तेवढं हवं.

आता हे कोल्हे काही मूळचे तिथले नव्हेत. दर्यापलीकडच्या सिंहाच्या राज्यात त्यांचं पटेना, म्हणून ते आणि मुंगसं ओंडक्यांवर बसून इकडे आले. कोल्हे नदीच्या दक्षिणेला राहिले, मुंगसं उत्तरेला. गाढवंही समुद्रावरूनच आली. पण त्यांना येता का म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

मूळचे म्हणाल तर सांबरं. पहिल्या हिवाळ्यात पाहुणे उपाशी मरायला लागले, तेव्हा सांबरांनी त्यांना मका पेरायला शिकवलं. पीक उत्तम आलं. पाहुण्यांनी सांबरांना जेवायला बोलावलं, मनापासून आभार मानले आणि आचवून झाल्यावर सांगितलं की ही जमीन आता आमची, तुम्ही दलदलीकडे सरका. तेव्हापासून त्या जंगलात दरवर्षी आभाराचं जेवण असतं. सांबरांना आता बोलावत नाहीत, कारण दलदल लांब पडते.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात दर्यापारच्या सिंहाला काय अवदसा आठवली, त्यानं चहावर कर बसवला.

कोल्हे चिडले, मुंगसं तर लालबुंद झाली. कर भरायला त्यांची ना नव्हती, पण आम्हाला विचारल्याशिवाय आमच्यावर काहीही लादायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं रास्त होतं. मग एका संध्याकाळी सगळे डोक्याला सांबराची शिंगं बांधून गेले आणि सिंहाचा सगळा चहा त्यांनी खाडीत ओतला. शिंगं कशाला, तर उद्या चौकशी झालीच तर ती सांबरांची व्हावी. खाडीतल्या माशांना पुढं आठवडाभर झोप लागली नाही म्हणतात.

चहाच्या पेट्या खाडीपर्यंत करडीनं वाहून नेल्या. "करडे, हा क्षण नीट लक्षात ठेव," उदारराव तिला म्हणाला. तिनं ठेवला. पेट्या फार जड होत्या.

सिंह खवळला. आता माघार नाही असं ठरलं आणि आपण वेगळे का होतोय ते जगाला लिहून कळवायचं काम उदाररावाकडे आलं. लिहायला बसला तर मेजाचा पाय मोडलेला. सुतार बोलावण्याइतका वेळ नव्हता. मग करडीला अंगणात उभी केली, तिच्या पाठीवर फळी ठेवली, फळीवर कागद ठेवला आणि उदारराव लिहू लागला. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्याला सवय होती.

"शेपूट असलेला प्रत्येक जीव मोकळा जन्माला येतो," त्यानं लिहिलं. "त्याच्या पाठीवर त्याच्या मर्जीविरुद्ध कुणी काही लादू नये."

करडीनं हळूच मान वळवून मागं पाहिलं. शेपूट होतं.

फळी हलली. उदारराव म्हणाला की हलू नकोस, अक्षर वाकडं येतं. ती हलायची थांबली, पण तिच्यानं राहवेना. सगळं धैर्य गोळा करून तिनं विचारलं, "मालक, हे माझ्या पोटातल्यालाही लागू आहे का?"

उदाररावानं चष्मा काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचं वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं की असं होतं कधीकधी. तो म्हणाला, "करडे, तुझं पोर मोकळ्या जंगलात जन्मेल. त्याच्या पाठीवर खोगीर चढणार नाही. शब्द देतो."

गाढवापुढे वाचली गीता आणि कालचा गोंधळ बरा होता, असं आपण म्हणतो. म्हणणाऱ्यानं गाढवाला विचारलं नसावं. करडीला ते वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत कळलं होतं. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मग लढाई जुंपली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं झालं. दारूगोळा गाढवांनी वाहिला, तोफा गाढवांनी ओढल्या, जखमी कोल्हे गाढवांच्या पाठीवरून घरी आले. मध्येच सिंहाच्या सरदारानं जाहीर केलं की जे गाढव मालकाला सोडून आमच्याकडे येईल त्याला मोकळं करू. सिंहाला गाढवांचं प्रेम कधीपासून आलं, असं विचारू नका. त्यालाही तोफा ओढायच्याच होत्या. बरीच गाढवं गेली. करडीची धाकटी बहीणही जाताना तिला चल म्हणाली. करडी गेली नाही. मालकानं शब्द दिलाय, तोही डोळ्यांत पाणी आणून, तो टाकून कसं जायचं, असं तिला वाटलं. बहिणीनं तिला गाढव म्हटलं आणि ती निघून गेली.

भुऱ्या त्या धामधुमीतच एका घळीत जन्मला. जन्मल्या जन्मल्या तो तोफेच्या आवाजाला दचकला, मग उठला, पडला, पुन्हा उठला आणि आईला लुचायला लागला. करडीला त्याच्याकडे बघून भरून आलं. हे मोकळं पोर, हिंडेल तिकडे हिंडेल, आणि रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसेल, असं ती त्याला चाटता चाटता सांगत राहिली.

लढाई कोल्ह्यांनी जिंकली. सिंह गेला. मोठी आतषबाजी झाली. तिचं सामानही गाढवांनीच आणलं होतं, पण ते सोडा.

करडी आठवण द्यायला गेली. उदारराव प्रेमानं बोलला. म्हणाला, शब्द माझ्या लक्षात आहे, फक्त नव्या राज्याची घडी बसू दे. करडी परत आली. पुढच्या सुगीला पुन्हा गेली. घडी अजून बसत होती. भुऱ्या मात्र कुणासाठी न थांबता वाढत होता, आणि मुकादम येता-जाता डोळ्यांनीच त्याच्या पाठीचं माप घेत होता.

अखेर घडी बसवायला सभा भरली. ऐन उन्हाळ्यात, एका गुहेत. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून गुहेच्या तोंडावर शिळा लावली. आत इतकं उकडायला लागलं की अध्यक्ष म्हातारं कासव दोनदा पाठीवर उलटं पडलं. मग छताला मोठा पंखा टांगला आणि त्याची दोरी ओढायला करडीला आत घेतलं. बाहेरच्या कुणी ऐकायचं नाही असा नियम होता, पण गाढवीण ऐकते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सभेपुढे प्रश्न असा होता की नव्या पंचायतीत कोल्ह्यांच्या जागा किती आणि मुंगसांच्या किती. जितकी डोकी तितक्या जागा, असं ठरलं. इथपर्यंत गोडीगुलाबीनं झालं. मग उदारराव उठला आणि म्हणाला की आमच्या डोक्यांत आमची गाढवंही मोजा.

मुंगसांचा पुढारी सत्यबोध ताडकन उभा राहिला. हा मोठा सज्जन मुंगूस. गाढव पाळणं पाप आहे असं तो दर रविवारी सांगायचा, आणि गाढवांनी पिकवलेला कापूस सोमवारी विकायचा. तो म्हणाला, काल तुम्ही म्हणालात की गाढव म्हणजे सामान. आज ते डोकं कसं झालं? सामानच मोजायचं तर आमचे हंडे-कळशाही मोजा. उदारराव म्हणाला की हंडा रडत नाही, गाढव रडतं, तेव्हा फरक आहे. सत्यबोध म्हणाला, मग जो रडतो त्याला सोडून द्या. यावर सगळे कोल्हे एका सुरात खोकले.

बरेच दिवस हे चाललं. कोल्हे म्हणत, गाढवं मोजत नसाल तर आम्ही निघालो, तुमचं राज्य तुम्हाला लखलाभ. मुंगसांना राज्य मोडायला नको होतं, कापसाचा धंदाही मोडायला नको होता. शेवटी कासवानं तोड काढली. ते म्हणालं, सबंध मोजू नका आणि शून्यही धरू नका. एका गाढवाचे पाच भाग कल्पा, त्यांतले तीन मोजा.

गुहेत समाधान पसरलं. कुणाचंच सगळं ऐकलं गेलं नव्हतं, म्हणजे न्याय झाला असणार.

एवढ्यात पंखा थांबला. सगळ्यांनी वर पाहिलं, मग दोरीकडे, मग दोरी धरलेल्या करडीकडे.

"मालक," ती म्हणाली, "माझे कोणते तीन?"

आता खरं तर पंखेवालीनं सभेत बोलायचं नसतं. पण प्रश्न चुकीचा होता असं कुणाला म्हणता येईना. मुलांनो, विद्वानांची एक खोड असते, प्रश्न कितीही भयंकर असला तरी त्यावर समिती नेमता येते. समिती नेमली. समितीनं करडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं की पाठ, खांदे आणि पोट हे तीन भाग मोजावेत. पाठ आणि खांदे ओझ्यासाठी. पोट यासाठी की पुढची गाढवं त्यातून येतात आणि जागा वाढतात. तोंड आणि पाय हे दोन मोजू नयेत, कारण राज्याच्या कामी त्यांचा उपयोग नाही.

सगळ्यांनी सह्या केल्या. करडीनं पुन्हा दोरी ओढायला घेतली. तिला राग आला होता. इतका की दोरी ती हिसके देत ओढू लागली. पंखा जोरात फिरू लागला आणि सभेला बरं वाटलं.

पुढं पंचायत भरली. गाढवांच्या तीन-तीन भागांमुळे कोल्ह्यांच्या जागा चांगल्याच वाढल्या होत्या. त्या जोरावर त्यांनी पहिल्याच झटक्यात ठराव आणला की पळालेलं गाढव जंगलात कुठंही सापडलं तरी ते मालकाला परत करावं. ठराव थोडक्या मतांनी का होईना, पण पास झाला. म्हणजे करडीच्या पाठीनं, खांद्यांनी आणि पोटानं करडीला बांधून ठेवायच्या बाजूनं मत दिलं. तोंडाला कुणी विचारलं नाही, कारण ते मोजलंच नव्हतं.

ती उदाररावाकडे शेवटची गेली. आता घडी बसली होती, हे त्यालाही मान्य होतं. तो हळहळला. म्हणाला की माझ्या हातात असतं तर आत्ता भुऱ्याला सोडला असता, पण आता तो माझा एकट्याचा राहिला नाही, त्याच्यावर पंचायतीतली जागा अवलंबून आहे, मी लोकशाहीशी बेइमानी कशी करू. शिवाय पश्चिमेला नवीन टेकड्या विकत घेतल्या होत्या. तिथं कापूस लावायला त्याचा पुतण्या निघाला होता आणि त्याला तरणी गाढवं हवी होती. भुऱ्या त्याच्याबरोबर जायचा होता. मोकळ्या जंगलाचा वर्धापनदिन झाला की लगेच.

 करडीनं मान खाली घातली. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

वर्धापनदिन उजाडला. माळावर मंडप होता. मंडपाच्या फळ्या, खुर्च्या, सरबताची पिंपं, सगळं सकाळपासून करडीनं आणि भुऱ्यानं वाहिलं. दुपारी उदारराव व्यासपीठावर चढला आणि त्यानं ते जुनं वाक्य वाचायला घेतलं. वाचतोही मेला सुंदर, ते नाकारता येत नाही. शेपूट असलेला प्रत्येक जीव मोकळा जन्माला येतो, असं तो म्हणाला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मुकादमसुद्धा डोळे मिटून मान डोलावू लागला.

करडीनं भुऱ्याच्या कानाला हलकेच दात लावले आणि म्हणाली, "चल."

भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, मायलेकरं मंडपाच्या मागून निघाली. कुणीही पाहिलं नाही. सगळे स्वातंत्र्याकडे बघत होते.

नदीच्या उतारातून ती उत्तरेला गेली. पहिलंच बीळ सत्यबोधाचं लागलं. त्यानं दार उघडलं, दोघांना बघून त्याला गहिवर आला, त्यानं पाणी दिलं, ताजा चारा दिला. भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला की बाई, मनानं मी पहिल्यापासून तुमच्याच बाजूला आहे. मग त्यानं आत जाऊन चपला घातल्या. करडीनं विचारलं की कुठं निघालात. तो म्हणाला, उदाररावाला कळवायला. राज्याच्या कागदावर सही केलीय ना मी, सहीला जागायला नको का? तुम्ही निवांत खा, मी येईपर्यंत थांबा.

करडीला त्याचे डोळे ओले दिसले. उदाररावाच्या डोळ्यांतलं पाणी तिला आठवलं. असल्या ओल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून आपण बहिणीला एकटी जाऊ दिली, याचं तिला फार वाईट वाटलं. चारा तसाच टाकून ती निघाली. या खेपेस ती रस्त्यानं गेली नाही.

जंगलात एकच जागा अशी उरली होती जी कुणालाच नको होती. दलदल. मायलेकरं चिखल तुडवत तिथं पोचली, तेव्हा एका म्हाताऱ्या सांबरिणीनं त्यांना अडवलं. समुद्रावरून आलेल्यांचा तिला बरा अनुभव नव्हता. तिनं करडीला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "बोलावून आलात की पळून?"

"पळून," करडी म्हणाली.

सांबरीण बाजूला झाली. इथली जमीन पाय ओढते, माझ्या मागोमाग या, एवढंच ती म्हणाली.

इकडे काय झालं? उदाररावाला बातमी कळली आणि विद्वान कोल्हा पार हडबडला. गाढवीण गेली, शिंगरू गेलं, जागा जायची वेळ आली. आजवर त्यानं करडीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता ती ओळखून आणायची तर तिचं वर्णन द्यायला हवं. तो रात्रंदिवस आठवत बसला. आठवता आठवता त्याला बरंच काही आठवलं. मग त्यानं टिटवीला बोलावून दवंडी द्यायला सांगितली.

टिटवी साऱ्या जंगलावरून फिरत फिरत दलदलीवर आली. भुऱ्या लव्हाळ्यात उभा राहून चरत होता. करडी त्याच्याशेजारी बसली होती.

टिटवी ओरडली, "ऐका हो ऐका! करडी नावाची गाढवीण पळाली आहे. अंगानं राखी, उजव्या कानाला चीर. पायानं चपळ, चारी दिशांच्या वाटा तिला ठाऊक. तोंडानं मोठी हुशार, सभेत बोलायलाही भीत नाही. पोरावर जीव. समजूतदार, दिल्या शब्दाला जागणारी. तिच्यासारखी दुसरी नाही. जिवंत आणि अख्खी आणून देणाऱ्याला मोठं बक्षीस. हातपाय तुटलेली चालणार नाही. अर्धीमुर्धी चालणार नाही. अख्खीच पाहिजे, हो, अख्खी!"

टिटवी पुढच्या रानाकडे गेली. भुऱ्यानं तोंडातला घास थांबवला.

"आये, अख्खी म्हणजे किती गं?"

करडीनं आधी पाय पसरून पाहिले. मग तोंड उघडून मोठ्यानं ओरडून पाहिलं. दलदलीत आवाज घुमला आणि कुणीही तिला गप्प बस म्हटलं नाही.

"पाच," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, आपण पूर्ण आहोत की नाही याचा निकाल मालकाच्या तोंडून ऐकायचा असेल, तर त्याची एकनिष्ठेनं सेवा करू नये. पळून जावं. तो स्वतःच्या खर्चानं गावभर सांगतो. आणि मालक विद्वान असेल, तर अंमळ जास्त लांब पळावं.